दृष्टिपटलावरील रोहिण्या

निपाणी परिसरातील खेड्यांतून चष्म्यासाठी अथवा मोतीबिंदू दाखविण्यासाठी येणाऱ्या वृद्धांच्या रांगेत एक प्रसंग वारंवार घडतो. डोळ्यांत थेंब घातल्यावर बाहुली मोठी होते. डॉक्टर प्रकाशाची बारीक तिरीप आत टाकून पाहतात आणि विचारतात, “आजोबा, बीपी कधी मोजलंय का?” आजोबांना नवल वाटते. “चष्म्यासाठी आलोय न्हवं, डॉक्टर! त्यात बीपीचं काय?”

प्रश्न रास्त आहे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्या आणि ते परत आणणाऱ्या नीला बहुतेक ठिकाणी कातडीखाली व मांसात दडलेल्या असतात. शरीराला शस्त्र न लावता बारीक रोहिण्या स्पष्ट पाहता येतील अशी जागा म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले आणि हे दार उघडले.

तरुणपणी महारोहिणी लवचीक असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती किंचित फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलते. वय वाढते तशी तिच्या भिंतीतील लवचीक सूत्रे तुटतात आणि ताठर सूत्रे वाढतात. उन्हात पडून कडक झालेल्या रबरी नळीसारखी तिची अवस्था होते. मग ठोक्याचा धक्का मध्येच न जिरता मेंदू, मूत्रपिंड व डोळा यांतील नाजूक वाहिन्यांवर जाऊन आदळतो. अशा वेळी रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. १६० व ७० अशी नोंद वृद्धांमध्ये आढळते, ती यामुळेच. खालचा आकडा ठीक आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे असते.

या आघाताच्या खुणा दृष्टिपटलावर उमटतात. तेथील रोहिणीची रुंदी नीलेच्या सुमारे दोनतृतीयांश असते, ती कमी होऊ लागते. भिंत जाड झाली की रोहिणी तांब्याच्या तारेसारखी चकाकते आणि विकार फार वाढल्यास चांदीच्या तारेसारखी दिसते. जेथे रोहिणी नीलेला ओलांडते, तेथे दोघींचे वेष्टन एकच असते. म्हणून कडक रोहिणीखाली नीला चिमटल्यासारखी दिसते. लंडनचे नेत्रवैद्य मार्कस गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खुणांचे वर्णन केले. १९३९ साली कीथ, वॅगनर व बार्कर या अमेरिकन डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रोग्यांच्या दृष्टिपटलातील फेरफारांच्या चार पायऱ्या ठरविल्या. चिमटलेली नीला पुढे तुंबली, तर पडद्यावर रक्तस्राव होऊन दृष्टी अचानक मंदावते. ज्यांच्या डोळ्यांत अशा खुणा दिसतात, त्यांना पक्षाघाताचा धोकाही अधिक असतो.

तथापि डोळ्यातील खूण हा निवाडा नव्हे, ती केवळ सूचना होय. वाढते वय व मधुमेह यांनीही या वाहिन्या बदलतात. मोतीबिंदू दाट असेल तर पडदा नीट दिसतही नाही. मोठ्या रोहिण्यांचा ताठरपणा नाडीच्या लहरीच्या वेगावरून मोजता येतो. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक असला, तर रोहिण्या कडक झाल्या असे मानतात. पण तेवढ्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे निपाणीच्या साध्या दवाखान्यातही होते. अधिक तपासणीसाठी बेळगावात १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थाही आहेत.

या भागाला तंबाखूने पेठ दिली, अनेक घरांची चूल पेटती ठेवली. परंतु तिचाच धूर विडीवाटे छातीत गेला की रोहिण्यांचे अस्तर बिघडवितो आणि त्यांचा ताठरपणा वाढवितो. विडी सोडणे, जेवणातील मीठ कमी करणे, रोज चालणे आणि बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाचे औषध परस्पर बंद न करणे, हे उपाय कोणत्याही घराला साधण्यासारखे आहेत.

चष्म्याचा क्रमांक घेऊन उठण्यापूर्वी वृद्धांनी, किंवा त्यांच्याबरोबर आलेल्या मुलासुनेने, डॉक्टरांना एवढे विचारावे: “पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कशा आहेत?” आजोबा आले होते अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून. त्याच खेपेत येऊ घातलेला पक्षाघात वेळीच ओळखला गेला, तर ती खेप सार्थकी लागली असे म्हणावे.