जीपचे टायर करवतीसारखे का झिजतात?



गावच्या स्टँडवर प्रवाशांची वाट पाहत जीप उभी असते. कुठे तिला वडाप म्हणतात, कुठे काळी-पिवळी. तिच्या पुढच्या टायरवरून एकदा आडवा हात फिरवून पाहा. बाहेरून आत हात नेताना गुळगुळीत लागले आणि आतून बाहेर आणताना करवतीचे दाते लागावेत तसे टोचले, तर समजावे की त्या गाडीची पुढची चाके पुढच्या अंगाला जरुरीपेक्षा जवळ आली आहेत. याच्या उलट लागले तर ती पुढून फाकली आहेत. टायरवाला म्हणतो रस्ता वाईट. गाडीवाला म्हणतो माल हलका. दोघांचेही थोडेफार खरे असेल. पण दोष पुष्कळदा एका दांडीच्या दोन-तीन आट्यांत असतो, आणि तो शोधायला सुतळी, खडू आणि एक फळी पुरते.

काही माणसे पायाचे चवडे आत वळवून चालतात, काही बाहेर टाकून. चाकांचेही तसेच. चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा किंचित कमी ठेवतात. कारागीर त्याला टो-इन म्हणतात. आता चाके सरळच का नाही ठेवायची? तर गाडी धावू लागली की रस्ता चाकांना मागे रेटतो, सांध्यांतली सूक्ष्म ढिलाई ताणली जाते आणि चाके पुढून फाकू पाहतात. आधीच जराशी आत ठेवलेली चाके तेव्हा कुठे सरळ धावतात.

ही जीप आपल्याकडे रुजली ती मुंबईतून. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे अंधेरी आणि बोरिवली यांच्या दरम्यान कांदिवलीला कारखाना उभा राहिला, आणि तिथून निघालेल्या गाड्या महाराष्ट्रभर पसरल्या. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास अधिकाऱ्याची जीप खेड्याच्या ओळखीची झाली. त्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या आजही चालताहेत. पुढे एकसंध अ‍ॅक्सल, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. मी सांगणार आहे ते अशाच गाड्यांविषयी.

जुन्या विलीजच्या पुस्तकात टो-इन दिले आहे ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय होतं, असे वाटेल. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात घालून पाहावे. टायरचा व्यास धरा ७१ सेंटिमीटर. टो-इन सहा मिलिमीटरने जास्त झाले. दर चाकाच्या वाट्याला तीन आले. तीन भागिले सातशे दहा. या प्रमाणात एक किलोमीटर जाताना प्रत्येक टायर चार मीटरांहून अधिक आडवा घासतो. रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा टायर दिवसाला दोनशे मीटर नुसता खरवडला जातो! हे पैशाचे झाले. चाके फाकलेली असली तर गाडी सरळ रेषेत राहत नाही, आणि पावसाळ्यात घाटात ब्रेक दाबल्यावर ती कुठे ओढ घेईल याचा भरवसा नसतो. आत शाळेची पोरे बसलेली असतात.

मात्र मोजमापाला हात घालण्यापूर्वी सांधे तपासलेच पाहिजेत. एकाने स्टीअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने टाय रॉडच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटवर हात ठेवावा. खटका हाताला लगेच कळतो. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. हलले तर बेअरिंग सैल आहे किंवा किंगपिन झिजली आहे. हे दुरुस्त न करता अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या खुंटाला दावे बांधण्यासारखे आहे. झिजलेल्या सांध्यांची गाडी महागड्या यंत्रावर चढवून छापील आकडे हातात देणारी दुकाने मी पाहिली आहेत. आकडे बरोबर असतात. गाडी फाटकाबाहेर पडली की ते बदलतात.

आता कृती. जमीन सपाट हवी, दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. मागच्या चाकांना उटी लावून पुढची दोन्ही चाके उचला, आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, अ‍ॅक्सलखाली भक्कम ओंडके द्या. टायरच्या मधोमध खडू फासा. ठोकळ्यात खिळा मारून तो जमिनीवर घट्ट धरा आणि चाक हाताने फिरवून खडूवर सबंध गोल बारीक रेघ काढा. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ दगा देत नाही. मग गाडी खाली उतरवा, उटी काढा आणि चाके सरळ ठेवून तिला चार-पाच हात पुढे ढकला. पुढेच बरं का. मागे ओढली तर सांध्यांची ढिलाई उलट्या बाजूला जाते आणि माप चुकते.

एका लांब फळीच्या दोन टोकांना उभ्या पट्ट्या ठोका आणि चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर त्यांत एकेक खिळा बसवा. चौकट गाडीखालून चाकांच्या मागे न्या, खिळे दोन्ही रेघांवर टेकवून पक्के करा. मग तीच चौकट पुढे आणा. एक खिळा रेघेवर टेकवला की दुसरा रेघेच्या जितका बाहेर पडेल तितके टो-इन. आत पडला तर चाके फाकलेली आहेत. सुतळीनेही अंदाज येतो, पण ती ताणते. मिलिमीटरच्या कामाला फळी बरी.

फरक काढायचा तो टाय रॉड फिरवून. तिच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, म्हणून दोन्हीकडचे क्लॅम्प सैल करून पाइप पान्याने दांडी फिरवली की ती लांब किंवा आखूड होते. दांडी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढते. पुढे असेल तर उलट. पाव-पाव फेरा द्यावा, गाडी पुन्हा पुढे ढकलावी आणि मोजावे. अगदी जुन्या जीपला दोन आखूड दांड्या असतात. तिथे आधी मधली बेलक्रँक सरळ ठेवून काम करावे लागते. काम झाल्यावर स्टीअरिंगचे चक्र तिरके दिसले तर टाय रॉडला पुन्हा हात लावू नका. ते ड्रॅग लिंकचे काम.

उपनगरांतली हौशी मंडळी डोंगर-चिखलात जाण्यासाठी मोठे टायर चढवतात. मोठ्या टायरवर मोजले तर तोच कोन मिलिमीटरांत जास्त दिसतो, एवढे ध्यानात ठेवावे. आणि २०१० नंतरच्या थारची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. तिला यंत्रावरच न्यावे, पण सांधे तपासूनच.

क्लॅम्प आवळल्यावर चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लॅम्पचे बोल्ट कुठे घासत नाहीत ना, ते पाहा. आठवडाभर गाडी चालली की ते एकदा पुन्हा आवळा, आणि टायरवरून हात फिरवून बघा.