खाडीकांठची शिरगणती

कार्तिक वद्य द्वितीयेच्या भर दुपारीं भांडुपच्या मिठागरांपाशीं आठ माणसें दुर्बिणी लावून ओठांतल्या ओठांत आंकडे पुटपुटत आहेत, हें पाहून तेथल्या एका कोळ्याला हंसूं आलें. आम्ही पक्षी मोजीत होतों.

तिथि मुद्दाम निवडली होती. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. द्वितीयेला सुमारें दीड वाजतां. ओहोटीला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या चिखलांत पांखरें विखुरतात, तीं कोणाच्यानें मोजवत नाहींत. पाणी चढूं लागलें म्हणजे तींच कांठाकडे रेटलीं जातात. तेवढा तासभर आपला.

रीत अशी: प्रथम दहा पक्षी नीट मोजावे, तो पुंजका डोळ्यांत ठसवावा, आणि सबंध थव्यावर तो कितीदां बसतो तें पाहावें. पण टिलव्यांचा एकच थवा माझ्या वहींत 400, तर शेजाऱ्याच्या वहींत 650! दोघेही प्रामाणिक. आम्हीं दोन्ही आंकडे लिहिले. सरासरीनें चूक झांकते, सुधारत नाहीं, असें आपलें माझें मत.

रोहित पक्षी या दिवसांत थोडे. त्यांची गर्दी पुढें होते. त्यांच्यासाठीं ठाणें खाडीचें अभयारण्य 2015 सालीं जाहीर झालें, आणि 2022 सालीं तें रामसर यादींत गेलें. तरी 20 मे 2024 च्या रात्रीं घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून तिसांहून अधिक रोहित मेले. रात्रीं ते कोणत्या वाटेनें उडतात, तें आमच्या दिवसाच्या वहींत कोठेंच नव्हतें. ही उणीव मला फार बोचते.

एका तळ्यावर दरसाल शेकाटे दिसत; यंदा एकही नव्हता. बरोबरच्या तरुणानें तो रकाना कोरा सोडला. मीं त्याला शून्य लिहावयास लावलें. कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणी पाहिलेंच नाहीं असा होतो. आम्ही तर तेथें अर्धा तास उभे होतों. त्याला तें जड गेलें. एकादा शेकाट्या गवताआड असेल, म्हणून त्यानें पुन्हा दुर्बीण लावली. मग लिहिलें.

1987 पासून आशियाभर होणाऱ्या जलपक्षी गणनेसाठीं जानेवारींत त्याच तळ्यावर पुन्हा जावयाचें आहे.