फवारणी आणि जनसुरक्षा
(जिल्हा मेळावा, नागपूर येथील भाषण)



कापसाच्या भावाचं सोडून हा आज कायद्याचं काय घेऊन बसला, असं काहींच्या मनात आलं असेल. मी वकील नाही. शेतकीची पदवी घेतलेला माणूस, किडींवर बोलायची सवय. म्हणून किडीपासूनच सुरू करतो.

1980 नंतर आपल्याकडे सिंथेटिक पायरेथ्रॉइडची औषधं आली. पहिल्या वर्षी बोंडअळी टपाटप पडली. मग आपण फवाऱ्यावर फवारा मारत सुटलो. अळीबरोबर ढालकिडा मेला, क्रायसोपा मेला. अळी औषधाला सरावली आणि पांढरी माशी माजली. मारायचं कोणाला हे न पाहता मारलं, त्याची किंमत आपण भरली.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं. कारण सांगितलं नक्षलवादाचं. नक्षलवाद नाहीच, असं मी म्हणणार नाही. 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. असा सुरुंग पेरणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल या मांडवात दुमत नसावं.

पण बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचा. बंदुका आणि स्फोटकं ज्या व्याख्येत आहेत, त्याच व्याख्येत रेल्वे-रस्त्याची वाहतूक विस्कळीत करणं आहे आणि प्रस्थापित कायदा मोडायला लोकांना सांगणंही आहे. शिक्षा 7 वर्षांपर्यंत.

आता आपलं आठवा. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे, सांगून-सवरून पेरलं. (त्या बियाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधी.) तो उघड कायदेभंग होता. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी याच नागपूरजवळ वर्धा रोड अडवला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करायला सांगितलं आणि आंदोलक हटले. साधा कायदा पुरला की नाही?

सरकार म्हणतं, तुम्ही कशाला घाबरता? आधी संघटना बेकायदेशीर जाहीर करावी लागते, वर सल्लागार मंडळ आहे, समितीने उद्देशात कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख घातला आहे. खरं आहे. पण त्यापुढे ‘किंवा तत्सम’ असे शब्द आहेत. तत्सम कोण, हे आधी सरकारच ठरवणार. टाडा पंजाबचं नाव घेऊन आला आणि गुजरातेत हजारोंवर लागला. 1995 मध्ये तो संपला तोवर देशात 76 हजारांवर माणसं पकडली गेली होती, दोषी ठरलेल्यांचं प्रमाण शेकडा दोनच्याही आत होतं.

फार लांब कशाला जायचं? याच नागपूरच्या तुरुंगात गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण होता, पांडू नरोटे. 2013 मध्ये यूएपीए कायद्याखाली अटक झाली, 2017 मध्ये प्रा. साईबाबांसोबत जन्मठेप झाली. ऑगस्ट 2022 मध्ये तो आजारी पडून वारला. दोन महिन्यांच्या आत, 14 ऑक्टोबरला, खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पुन्हा सुनावणी झाली आणि 5 मार्च 2024 ला पुन्हा सगळे निर्दोष. निर्दोष ठरायला पांडू नव्हता. साईबाबाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. खुनाच्या खटल्यात 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपी जामीन मागू शकतो, यूएपीएत ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते आणि पोलिसांचे कागद प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही. ज्याच्या घरी एकच कर्ता माणूस आणि पाच एकर कोरडवाहू, त्याचे खरीप-रब्बीचे किती हंगाम जातील, हिशेब तुम्हीच करा.

जेवणाच्या मांडवात विधेयकाची मराठी प्रत ठेवली आहे. गावात मोठ्याने वाचा, व्याख्येचं कलम दोनदा वाचा. बंदूक-स्फोटकं वेगळी काढा, रस्ता रोको आणि सविनय कायदेभंग त्यातून वगळा, एवढ्या मागणीचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि पोच घेऊन आमदाराला द्या. मोर्चाच्या परवानगीच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रतही यापुढे जपून ठेवत चला, सातबाऱ्यासारखी.