थायरॉइडची प्रतिपिंडे आणि गर्भपात



रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आपण हन्नाची कथा वाचतो. तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाने तिला मद्य प्यालेली ठरविले. हन्नाचे दुःख वंध्यत्वाचे होते, गर्भ गमावल्याचे नव्हे. पण ज्या स्त्रीचा गर्भ पडतो तिच्याविषयीही आपण असेच घाईने ठरवितो: जड उचलले असेल, दृष्ट लागली असेल, मलिद्याचा नवस राहिला असेल. अशा गर्भासाठी शिवाही बसत नाहीत, त्यामुळे त्या घरी कोणी भेटायला जात नाही.

आता या यादीत ‘थायरॉइड’ हा शब्द आला आहे, म्हणून मी बोलत आहे. गळ्यातील या ग्रंथीलाच शरीर परके समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जपानचे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी या विकाराचे वर्णन १९१२ साली केले. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिपिंडे असलेल्या १७ टक्के स्त्रियांचा गर्भ पडला. इतर स्त्रियांत हे प्रमाण ८.४ टक्के होते.

मग सर्वांनाच थायरॉक्सिन का देऊ नये? ब्रिटनमध्ये हे तपासले गेले. प्रतिपिंडे आहेत पण ग्रंथीचे काम ठीक आहे, आणि पूर्वी गर्भपात झाला आहे किंवा गर्भधारणेस अडचण आली आहे, अशा ९५२ स्त्रिया निवडल्या. काहींना रोज ५० मायक्रोग्रॅम औषध दिले, काहींना औषध नसलेली गोळी. २०१९ साली निकाल आला: ३४ आठवड्यांनंतर जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण अनुक्रमे ३७.४ आणि ३७.९ टक्के. गोळीने फरक पडला नाही.

टीएसएच वाढलेले असेल, म्हणजे ग्रंथी मंदावली असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे उपचार हवेतच. म्हणून प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासावे आणि निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी पुन्हा पाहावे. जी आधीच गोळी घेते तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते. डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवावे. लोहाची व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी, अन्यथा औषध नीट शोषले जात नाही.

“माझ्याच शरीराने मूल मारले का?” असे मला विचारले जाते. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गुणसूत्रांतील दोषाने होतात. ते पेशी विभागताना घडते. ओझ्याने नाही, नजरेने नाही. सासूबाईंनीही हे ऐकले, याचा मला आनंद आहे.

आता प्रश्न विचारावेत.