शिक्षकाची मुद्रा आणि मुलाची नजर

(कोन, ता. भिवंडी येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘देहबोली’ हा शब्द नवा असला तरी त्यामागील विचार आपणांस अपरिचित नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत; वाणीकडे त्यांतील एकच प्रकार आला आहे. शिक्षक हा नट नव्हे, हे मान्यच आहे. परंतु तोही दिवसाचे कित्येक तास अनेक डोळ्यांसमोर उभा असतो.

कोनसारख्या गावात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण, दुसऱ्या बाजूस भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामे. या पट्ट्यातील वर्गात आगरी बोलणाऱ्या मुलाशेजारी घरी हिंदी, उर्दू किंवा तेलुगू बोलणारे मूल बसते. ज्याला पुस्तकी मराठी अद्याप नीट उमगत नाही, ते मूल शब्दांच्या आधी गुरुजींचा चेहरा वाचते. त्याचे उत्तर चुकले आणि बाईंच्या कपाळावर आठी उमटली, तर ते पुन्हा हात वर करीत नाही. हजेरीपटावर त्याची नोंद होत राहते, परंतु वर्गातून ते मनाने उठून गेलेले असते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस व मानसिक त्रासास मनाई आहे. छडी गेली, कपाळावरची आठी मात्र कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा देहबोलीचे मोल अधिकच कळले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ ध्वनिक्षेपकावरून भरली. तेथे मुलांना केवळ आवाज मिळाला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ कार्यक्रम आला. तेथे मुलांना शिकवणारे दिसत, पण शिकवणाऱ्यांना मुले दिसत नसत. भ्रमणध्वनीवरील वर्गात दोन्ही बाजू दिसण्याची सोय होती, तरी पडद्यावरील मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहणारा शिक्षक मुलांना मान खाली घातल्यासारखा दिसे. मुलाच्या डोळ्यांत पाहावयाचे तर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावे लागते, ही उफराटी गोष्ट अनेकांना अनुभवानेच कळली. यंत्र डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे, प्रकाश समोरून घ्यावा, खिडकी पाठीशी असू नये, हातांच्या हालचाली चौकटीत दिसाव्यात, या गोष्टींना खर्च लागत नाही. घरात एकच फोन आणि तोही वडिलांसोबत कामावर गेलेला, या अडचणीवर मात्र असा कोणताही उपाय चालत नव्हता.

पुढे ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाले, ते मुखपट्टीसह. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठ कसे मिटतात हे पाहून मूल ते शिकते. पहिलीच्या बाईंचे ओठच झाकलेले असल्यावर ‘प’ आणि ‘फ’ यांतील भेद केवळ कानांवर सोपवावा लागला.

पोशाखाविषयी शासनाने मार्च २०२४ मध्ये सूचना दिल्या. नीटनेटका वेश हा मुलांचा मान राखण्याचाच प्रकार आहे, असे माझे मत आहे. तथापि इस्त्रीचा सदरा घालून फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकापेक्षा साध्या कपड्यांत शेवटच्या रांगेपर्यंत फिरून येणारा शिक्षक मी अधिक पसंत करीन.

ग्रामपंचायत सदस्यांना एक विनंती. शाळाभेटीच्या वेळी पटसंख्येबरोबर वर्गात उजेड कोणत्या बाजूने येतो आणि मागच्या बाकावरून गुरुजींचा चेहरा दिसतो का, हेही त्या बाकावर बसून पाहावे. शिक्षक मित्रांनी आपल्याच एका पाठाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि पहिल्यांदा ते आवाज बंद करून पाहावे. आपण कोणत्या मुलांकडे वळलो आणि कोणत्या मुलांकडे एकदाही पाहिले नाही, हे त्यात दिसेल. त्या मुलांची नावे दुसऱ्या दिवशीच्या पाठ टाचणात लिहून ठेवावीत.