लॉगिन ही अमानत आहे



पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी माझा पासवर्ड एका मित्राला दिला. त्याने एका रात्रीत शोधनिबंधांचे शेकडो अंक उतरवून घेतले. प्रकाशकाने अख्ख्या कॉलेजचा प्रवेशच बंद केला. नोंद माझ्या नावावर होती.

समितीत कुणी म्हणालं, काढून टाका. ग्रंथपाल म्हणाले, आधी त्याचं ऐकून घ्या. मी खरं ते सांगितलं, मित्रानेही कबूल केलं. दोघांचं लॉगिन महिनाभर बंद, आणि रोज दोन तास ग्रंथालयात काम. तिथे पीएचडी करणाऱ्या एक ताई रोज विचारायच्या, "सुरू झालं का?" त्यांचा प्रबंध आमच्यामुळे अडला होता. दंड भरून हे कधीच कळलं नसतं.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी (66C) खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय असो की कॉलेजची लॅब, लॉगिन अमानत समजा, जिगरी दोस्तालाही देऊ नका. आणि आरोप झालाच तर घाबरू नका: आरोप लेखी मागा, आपली बाजू लेखी द्या. चूक असेल तर कबूल करा. शिक्षा हवीच, पण ऐकून घेतल्यावर, आणि माणूस घडवणारी.