अहवाल आधी वाडीत वाचा

(रत्नागिरी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'न्याय आणि हिंसाप्रतिबंध : संशोधक आणि समाज' असा छापला आहे. मी मात्र एकच मागणी घेऊन आले आहे, ती आधीच सांगून टाकते. एखाद्या वाडीत जाऊन कुणी मारहाणीची, छळाची, बहिष्काराची माहिती गोळा केली, तर तिचा अहवाल सर्वांत आधी त्या वाडीत वाचला गेला पाहिजे. परिषदेत नंतर, नियतकालिकात नंतर, मंत्रालयातही नंतर. ज्यांच्या घरातली गोष्ट, त्यांनाच ती शेवटी कळते, बहुतेक वेळा कळतच नाही. ही रीत मोडायला हवी.

आकडे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेले असतील, म्हणून दोनच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या शंभरजणींपैकी मदत मागितली ती १४ जणींनी. तेव्हाच्या दंड संहितेतलं ४९८ अ कलम, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, हे सगळं इथल्या वकील मंडळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय उरलेल्या ८६ जणींबद्दल. त्या कुणाकडे मदत मागायला गेल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेकींनी तर आईला, बहिणीलासुद्धा सांगितलं नाही. मग हा आकडा आपल्याला कळला कसा? दारात आलेल्या अनोळखी पाहणीवालीला त्यांनी सांगितलं म्हणून. मंडळी, जरा विचार करा. जे आईला सांगितलं नाही ते तिनं संशोधकाला सांगितलं. या विश्वासाचं ऋण आपल्यावर आहे की नाही? आपण ते फेडतो कसं? कागद गोळा करतो, गाडीत बसतो, आणि त्या गावात पुन्हा पाऊल टाकत नाही.

सगळेच असं करतात असं माझं म्हणणं नाही. आपल्या महाराष्ट्रात याहून चांगलं काम झालं आहे, आणि ते जगाला दाखवण्यासारखं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. खुर्चीवर पोलीस नव्हे, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती. पोलीस ठाण्यात येणारी बाई पुष्कळदा म्हणते, 'मला केस नको, पण त्याला समज द्या.' ठाण्याच्या भाषेत याची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते आणि बाई घरी जाते. कक्षातली कार्यकर्ती मात्र तिला बसवते, सगळं ऐकून घेते, नवऱ्याला बोलावते, आणि तो येतो, कारण बोलावणं पोलिसांच्या छपराखालून आलेलं असतं. अशा हजारो भेटींच्या नोंदींतून या विषयाचं ज्ञान उभं राहिलं. पुढे राज्य सरकारनं हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. ज्या विद्यापीठानं पोलीस ठाण्यात बसायची तयारी दाखवली, त्यालाच हे साधलं.

दुसरं उदाहरण वांद्र्याच्या भाभा रुग्णालयाचं. सन २००० च्या सुमारास मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून तिथे 'दिलासा' केंद्र काढलं. त्यामागचा विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, दवाखान्यात जातेच. केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'जिन्यावरून पडली.' पण जिन्यावरून पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, कोपरं खरचटतात. हिच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ असतात. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला ते दिसतात, आणि तोवर ती गप्प बसायची, कारण विचारायचं कसं आणि विचारून पुढे करायचं काय, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'दिलासा'नं रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना ते शिकवलं. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली.

तिसरं उदाहरण 'स्नेहा'चं. शीव रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली ही संस्था सुरू केली. धारावीत वस्तीतल्याच बायका शेजारणीच्या मदतीला धावू लागल्या. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांबरोबर त्यांनी मुंबईच्या वस्त्यांत मोठी चाचणी आखली. ४८ विभाग घेतले. निम्म्यांत स्त्रियांचे, पुरुषांचे, किशोरवयीन मुलामुलींचे गट बांधले, निम्म्यांत बांधले नाहीत, म्हणजे फरक मोजता यावा. आता तुम्ही विचाराल, ज्यांच्या वाट्याला गट आले नाहीत त्या बायकांनी मार खात बसायचं का? नाही. समुपदेशन आणि मदत दोन्हीकडे ठेवली. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मोजमाप करायचं म्हणून कुणाला वाऱ्यावर सोडायचं नाही, हे चाचणीच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं.

आता एक जुनी गोष्ट, दोन मिनिटांत सांगते.

१९७२ सालचा मार्च महिना. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आज गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. का? तर अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती होती! रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, बाहेर नातेवाईक उभे, आत वर्दीतला माणूस. त्या पोरीनं ओरडायचं कुणाला ऐकू जावं म्हणून? पोलिसांना?

वर्षभर कुणी फारसं बोललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. प्राध्यापकांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला विचारलं, की भीतीनं गप्प राहणं आणि होकार देणं यातला फरक तुम्हाला दिसत नाही का? त्या काळात हे धाडस होतं. न्यायालयाचा अवमान म्हणून बोलावणं आलं असतं तर नोकऱ्या पणाला लागल्या असत्या. आणि पुढची गंमत बघा, ते पत्र विद्यापीठात राहिलंच नाही. ते हातोहात फिरलं, वर्तमानपत्रांत आलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला. ८ मार्चला शहराशहरांत मोर्चे निघाले. ज्यांनी आयुष्यात कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं त्या बायका रस्त्यावर पुराव्याच्या कायद्याची चर्चा करत होत्या. (टाळ्या) आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात बाई न्यायालयात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं ते तसंच गृहीत धरायचं, असा नियम आला. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. म्हणूनच त्या मुलीचं नाव पुस्तकापुस्तकांत असलं तरी मी ते इथे घेतलेलं नाही.

चार शिक्षक आणि हजारो बायका, यांतलं कुणीही एकटं असतं तर हे झालं नसतं. मी सहकार्य म्हणते ते हे. पण माझ्या मनात एक सल आहे. ते पत्र इंग्रजीत होतं. तिच्या भाषेत, तिच्या अंगणात बसून, 'पोरी, तुझ्यामुळे या देशाचा कायदा बदलला' हे तिला वेळेवर, नीट समजेल असं सांगणं हे कुणाच्या कामाच्या यादीत होतं का? नव्हतं. माझी मागणी तिथून जन्मली आहे.

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.) पंधरा मिनिटं उरली म्हणतात. दोन मिनिटांची गोष्ट लांबली खरी, पण ती लांबण्याच्याच लायकीची आहे. (हशा)

आता आपल्या जिल्ह्यात येते. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत बचत गटाच्या बैठकीत मी एक प्रश्नावली वाचून दाखवली होती. भरून घेतली नाही, नुसती वाचली. थप्पड मारली का, ढकललं का, वस्तू फेकून मारली का, असे प्रश्न. बायका ऐकत होत्या. मग कोपऱ्यातली एक म्हणाली, 'बाई, नवरा मुंबईला. तो हात कशाला उचलेल? पैसे पाठवायचे थांबवतो. त्याचा प्रश्न कुठाय?' मग दुसरी म्हणाली, 'रात्री अकराला व्हिडिओ कॉल करतो आणि मोबाइल घेऊन घरभर फिरायला लावतो. पडवी दाखव, माडी दाखव.' तिसरी म्हणाली, 'मार शिमग्याला आणि गणपतीला. तेव्हा येतो आणि वर्षाचा हिशेब मागतो.' माझ्या हातातला कागद दिल्लीत तयार झाला होता. चाकरमान्यांच्या घरांचा जिल्हा त्यात मावत नव्हता. या तीन बायकांनी मला दहा मिनिटांत जे शिकवलं, ते ग्रंथालयात सापडलं नसतं. वाचन दोनदा व्हायला हवं, माहिती घेण्याआधी प्रश्नांचं आणि घेतल्यावर उत्तरांचं.

तिसऱ्या रांगेतले वकीलसाहेब केव्हाचा हात वर करून बसलेत. प्रश्न शेवटी घ्यायचे असं ठरलंय, पण विचारा. (श्रोत्यांमधून : 'बाई, तीस-चाळीस घरांची वाडी. अहवाल वाचलात की कोण बोललं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार. त्या बाईचं पुढे काय?')

हा प्रश्न मला प्रत्येक सभागृहात विचारतात. बऱ्याचदा विचारणाऱ्याला अहवाल कपाटातच हवा असतो. तुमचं तसं नाही, ते मला माहीत आहे. (हशा) तुमची शंका रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली अशा संशोधनाची आचारसंहिता घालून दिली. बाईची सुरक्षितता सगळ्यांत आधी. मुलाखत एकांतात. गावात 'हिंसेची पाहणी' असा बोभाटा करायचा नाही, स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी म्हणायचं. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून माझ्या वाचनालाही नियम आहेत. एका वाडीचे आकडे वेगळे काढायचे नाहीत, आठ-दहा वाड्यांचे एकत्र वाचायचे. कुठल्याही एका बाईची कहाणी, नाव-गाव बदलूनही, सांगायची नाही, कारण वाडीत नाव बदलल्यानं माणूस लपत नाही. वाचायच्या दिवशी १८१ हेल्पलाइन, संरक्षण अधिकारी आणि सखी केंद्र यांची माहिती प्रत्येकीपर्यंत पोचलेली असली पाहिजे. आणि बायका म्हणाल्या की हे वाक्य बाहेर जाऊ देऊ नका, तर ते वाक्य जाणार नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की पहिलं वाचन फक्त बायकांपुढे. कारण 'समाजाचा सहभाग' म्हणताना समाज म्हणजे कोण, हे आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे गावकी आहे आणि गावकीचं मुंबई मंडळ आहे. वाडीचा निर्णय पुष्कळदा परळच्या चाळीत होतो, हे इथे कुणाला सांगायला नको. (हशा) गावकीनं रस्ते बांधले, देवळं बांधली, अडल्यानडल्याला उभी राहिली, याचा मला आदर आहे. पण याच कोकणात घराघरांना वाळीत टाकलं गेलं. विहीर बंद, दुकान बंद, मयताला खांदा नाही. याविरुद्ध १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा होता, पण सर्वोच्च न्यायालयानं तो १९६२ साली रद्द ठरवला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध रान उठवलं. बहिष्कृत कुटुंबांची माहिती गावोगाव फिरून गोळा केली, ती लोकांसमोर मांडली. २०१६ साली विधिमंडळानं सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तेव्हा संशोधकानं गावकीच्या चार प्रमुखांना भेटून 'समाजाची परवानगी घेतली' असं लिहू नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच परवानगीनं ती तक्रार ऐकायची, असं होईल ते.

(घंटा.) हो, संपवते. पाली-लांज्याकडच्या मंडळींची शेवटची एसटी आहे, याची मला कल्पना आहे.

कुणी म्हणेल, वाचणार कुठे आणि सभा बोलवणार कोण? नवीन काही काढायला नको. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. नोंदवही घरोघर फिरते, सभा होत नाही. ती सभा खरोखर भरवायला यापेक्षा मोठं कारण कुठलं हवं? इथे महाविद्यालयांतले प्राध्यापक बसलेत, समाजकार्याचे, समाजशास्त्राचे, राष्ट्रीय सेवा योजनेचे. तुमच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या पाहण्या विभागात पडून असतील. त्यातली एक निवडा. चार पानी, मोठ्या अक्षरात, आपल्या मराठीत गोषवारा करा. वकील मंडळींनी तो डोळ्यांखालून घालावा, कुणाची ओळख उघडी पडत नाही ना, एवढं बघावं. सरपंच आणि सदस्य भगिनी इथे आल्या आहेत, त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीची महिला सभा खरी भरवावी. वाचायला कुणी मिळालं नाही तर मला कळवा, मी येईन. आणि बायका जे दुरुस्त करायला सांगतील ते लिहून घ्या, कारण त्या दुरुस्त्या झाल्याशिवाय तो अहवाल पुरा झाला असं मी मानत नाही.